राणी फेब्रुवारीत, सावली नवतप्याआधी : विदर्भात मधपेटी मंदीतून सुखरूप काढायची पद्धत

दसरा जवळ आला की तीच तक्रार सुरू होते : "पेटी उघडली तर आत नुसतं जाळं न् अळ्या, माशी एकही नाही." दोष मेणकिड्यावर, म्हणजे पोळ्याचं मेण पोखरणाऱ्या पतंगाच्या अळीवर, जातो. मेणकिडा मात्र सगळ्यात शेवटी येतो. आधी माश्या कमी होतात, त्या कमी होतात कारण राणी थकलेली असते, आणि राणी थकलेलीच राहते कारण ती बदलायच्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष मधयंत्राकडे असतं. जूनमध्ये राणी बदलायला गेलात तर नर मिळत नाहीत, मिळाले तर पावसाची झड तिला उडू देत नाही.

म्हणून राणी तयार करणं आणि पेटी मंदीसाठी, म्हणजे फुलोरा नसलेल्या काळासाठी, बांधणं ही दोन कामं इथे एकाच मालिकेत घेतली आहेत. ज्यांच्याकडे दोन ते वीस पेट्या आहेत, त्यांना डोळ्यासमोर ठेवलं आहे. माप मेलिफेराचं, म्हणजे पेटीत पाळतात त्या मोठ्या युरोपीय माशीचं, दिलं आहे. सातेरी या देशी माशीसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

आधी आपली मंदी ओळखा

पंजाब-हरियाणाचे व्हिडिओ पाहून डिसेंबरात पेट्यांना गोधड्या गुंडाळणारे लोक आपल्याकडे आहेत. त्याची गरज नाही. नागपूर-अमरावतीकडे रात्र कितीही गार असली तरी दुपारी ऊन पडतं आणि माशी कामाला जाते. तूर फुलावर असते, मग मोहरी, धने, जवस, करडई येते, वरुड-मोर्शी-काटोल पट्ट्यात जानेवारीअखेर ते फेब्रुवारी संत्र्याचा आंबिया बहार. मार्च-एप्रिलात जांभूळ, निंब, मोह आणि पुढे करंज. हिवाळा हा आपल्या माशीचा कमाईचा काळ आहे.

मंदी सुरू होते करंज झडल्यावर, आणि ती दोन तुकड्यांत येते. पहिला तुकडा उन्हाचा : मेचा मध्य ते मृग (मेअखेरचे नऊ कडक दिवस, म्हणजे नवतपा, यातच). दुसरा पावसाचा : मृगापासून पोळ्यापर्यंत. पहिल्यात माशी पाणी वाहून थकते, दुसऱ्यात घरात बसून साठा खाते. या दोन तुकड्यांमध्ये तिला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून एप्रिलच्या शेवटी पेटी ज्या अवस्थेत असेल, त्याच भांडवलावर तिला पोळ्यापर्यंत जायचं आहे.

सामान : ग्राफ्टिंगच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी

ग्राफ्टिंग म्हणजे कोवळी अळी सुईने उचलून कपात ठेवणं. त्यासाठी लागतात राणीघराचे, म्हणजे राणी वाढते त्या घराचे, कप (मेणाचे किंवा प्लास्टिकचे), ते चिकटवायच्या आडव्या पट्ट्या असलेली चौकट, अळी उचलायची सुई, राणी-पिंजरे, तीन-चार चौकटींच्या छोट्या पेट्या, साखर, मेणपत्रे (पोळ्याला पाया देणारे मेणाचे पातळ पत्रे), चिकटपट्टी आणि पेन. पेन गंमत म्हणून सांगत नाही. प्रत्येक पेटीच्या झाकणावर तारीख लिहिली नाही तर पुढचा सगळा हिशेब कोलमडतो.

सातेरीचं राणीघर थोडं लहान असतं. मेलिफेराचे प्लास्टिक कप तिला दिले तर बहुतेक नाकारले जातात. सातेरीसाठी बारीक, गुळगुळीत लाकडी दांडी आधी पाण्यात, मग वितळलेल्या मेणात बुडवून घरीच कप करा.

टप्पा १ : आई निवडा

जिने सर्वांत जास्त मध दिला तीच पेटी आई म्हणून घेण्याची चूक बहुतेक जण करतात. मध जास्त येण्याचं कारण कधी कधी एवढंच असतं, की ती पेटी बागेच्या धुऱ्याला ठेवली होती. माझ्या मते पहिला प्रश्न असा : गेल्या पावसाळ्यात कोणती पेटी कमीत कमी साखरेवर तगली? मग बघा पिल्लांचं पोळं सलग आहे का, उघडल्यावर माश्या चौकटीवर शांत बसतात का, मेलेल्या अळ्या त्या स्वतः काढून टाकतात का. मध त्यानंतर.

दरवर्षी मोहोळ फुटून उडणारी पेटी आई म्हणून नको. तिच्यात आयती राणीघरं मिळतात, त्यामुळे मोह होतो.

सावध : सातेरीच्या पेटीत पिल्लं कोषाच्या वयात मरून डोकं वर करून पडलेली असतील आणि चिमट्याने उचलल्यावर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबत असतील, तर तो सॅकब्रूडचा विषाणू आहे. त्या पेटीची अळीही नको, चौकटही नको आणि तिथे वापरलेली सुई दुसरीकडे नको.

टप्पा २ : राणीआधी नर

या टप्प्याला लोक फाटा देतात आणि मग "राणी निघाली पण अंडी घालत नाही" म्हणून फोन करतात.

अंडं घातल्यापासून नर बाहेर यायला २४ दिवस लागतात आणि मिलनाजोगा व्हायला त्यापुढे साधारण बारा दिवस. राणी अंड्यापासून १६ दिवसांत बाहेर येते आणि पाच-सहा दिवसांत उडते. म्हणजे नराची सुरुवात राणीच्या बऱ्याच आधी व्हायला हवी.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन तगड्या पेट्यांत एकेक रिकामी चौकट द्या. वरच्या पट्टीला फक्त इंचभर मेणपत्रा लावा, खाली मोकळं. ती पिल्लांच्या दोन चौकटींच्या मध्ये सरकवा. मोकळ्या जागेत माश्या स्वतःहून मोठ्या घरांचं, नराचं पोळं बांधतात. तूर ओसरली आहे आणि संत्रा अजून फुलला नाही, असा मधला रिकामा पंधरवडा याच वेळी येतो. तेव्हा एक किलो साखरेला एक लिटर पाणी असा पातळ पाक रोज संध्याकाळी थोडा द्या, नाहीतर माश्या नराच्या अळ्या काढून फेकतात. पाक ज्या पेटीला द्याल तिच्यावर सुपर, म्हणजे मधासाठीचा वरचा कक्ष, ठेवू नका. तो पाक सुपरमध्ये जातो आणि मध म्हणून बाटलीत येतो.

नर आईच्या पेटीतले नकोत. स्वतःच्या भावांशी मिलन झालेल्या राणीची बरीच अंडी अशी निघतात, की त्यांच्या अळ्या कामकरी माश्या खाऊन टाकतात. पोळं भोकाभोकांचं दिसतं आणि आपण रोग शोधत बसतो. तुमच्या सगळ्या पेट्या एकाच मोहोळाचे तुकडे असतील, तर शेजारच्या गावच्या पेटीवाल्याला नराच्या चौकटी करायला सांगा आणि तुम्ही त्याच्यासाठी करा. राणी एकाच उड्डाणावर थांबत नाही आणि दहा-वीस नरांशी मिलन करते, त्यामुळे आजूबाजूला जितकी वेगवेगळी रक्तं तितकं चांगलं.

तपासा : नराच्या चौकटीतून पहिले नर बाहेर पडू लागले, की ग्राफ्टिंगला हरकत नाही. त्याआधी नाही. संत्र्याच्या पट्ट्यात झाडावर पांढऱ्या कळ्या फुगलेल्या दिसतात, साधारण तीच वेळ.

टप्पा ३ : राणीघरं वाढवणारी पेटी बांधा

चांगली राणी आईमुळे होते हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं श्रेय दाई माश्यांचं, म्हणजे अळ्यांना भरवणाऱ्या तरुण माश्यांचं. अळीला राजान्न, म्हणजे त्या भरवतात ते दुधाळ अन्न, कमी पडलं तर राणी लहान होते, आणि लहान राणी वर्षभर लहानच राहते.

ही पेटी यार्डातली सगळ्यात भरलेली हवी : झाकण काढताच सगळ्या चौकटींच्या फटी माश्यांनी गच्च. तीन दिवस आधी पातळ पाक सुरू करा. ग्राफ्टिंगच्या आदल्या दिवशी सकाळी :

१. राणी शोधा आणि ती असलेली चौकट माश्यांसकट छोट्या पेटीत काढा. मारू नका. काम फसलं तर तीच परत द्यायची आहे.
२. अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेल्या बाकीच्या चौकटी काढून दुसऱ्या पेट्यांना द्या, पण वरच्या माश्या इथेच झटका. आत उरतील फक्त बंद पिल्लं, परागाची एक भरलेली चौकट आणि मध.
३. मधोमध एका चौकटीची जागा रिकामी ठेवा. दाई माश्या त्या फटीत जमा होतात.
४. दुसऱ्या एखाद्या पेटीतून उघड्या पिल्लांच्या दोन चौकटी आणून त्यांवरच्या माश्या इथे झटका. त्या चौकटीवर राणी नाही ना, हे दोनदा पाहा.

सावध : माश्या कमी दिसतात म्हणून वयस्क, बाहेर जाणाऱ्या माश्या आणून ओतू नका. त्यांच्याकडे राजान्न नसतं.

टप्पा ४ : अळ्या द्या. दोन रस्ते आहेत

पाच-सात पेट्या असतील तर ग्राफ्टिंगच्या मागे लागू नका. सोपी पद्धत अशी. रिकाम्या चौकटीत मेणपत्र्याचे तीन-चार त्रिकोणी तुकडे टोक खाली करून लावा आणि आईच्या पेटीत पिल्लांच्या मधोमध द्या. आठवड्याभरात पोळं ओढलं जातं, मधे अळ्या आणि काठाला ताजी अंडी दिसतात. गरम पाण्यात बुडवलेल्या धारदार सुरीने काठ असा कापा, की कडेला सगळ्यात कोवळ्या अळ्या येतील. कडेच्या दर तीन अळ्यांतल्या दोन काडीने मोडा, नाहीतर राणीघरं एकमेकांना चिकटतात. ही चौकट तशीच राणी नसलेल्या पेटीच्या रिकाम्या फटीत ठेवा.

दहापेक्षा जास्त राण्या लागणार असतील तर ग्राफ्टिंग. कप आदल्या दिवशी वाढवणाऱ्या पेटीत देऊन ठेवा, माश्या ते चाटून-पुसून तयार करतात. मग अळी. सगळं यश या एका गोष्टीवर आहे : अळी चोवीस तासांच्या आतली हवी. ती दिसायला अवघड असते, खसखशीच्या दाण्याहून किंचित मोठी, घराच्या तळाशी दुधाळ थेंबात चंद्रकोरीसारखी. नीट दिसणारी, गोल वळलेली, "छान" वाटणारी अळी उचलली, तर ती मोठी झालेली असते. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर तो घाला, नाहीतर घरातल्या पोराला बसवा.

फेब्रुवारीतली आपली हवा कोरडी. उघड्यावर, उन्हात किंवा पंख्याखाली अळी काही मिनिटांत सुकते. खोली बंद करा, खाली ओलं फडकं पसरा, चौकट दुसऱ्या ओल्या फडक्याने झाका आणि जेवढं काम तेवढाच भाग उघडा. सुई अळीच्या पाठीमागून, तिच्या खालच्या थेंबासकट आत सरकवा. ज्या बाजूने उचलली त्याच बाजूवर कपात उतरवा. अळी उलटली, घरंगळली किंवा सुईने दोनदा टोचली गेली, तर ती सोडून दुसरी घ्या.

एका भरलेल्या मेलिफेरा पेटीला पंधरा-वीस कप पुरे. सातेरीला सहा-आठ. चाळीस दिले तर चाळीस उपाशी राण्या होतात.

चौकट आत देण्याआधी पेटीतल्या चौकटी तपासा. माश्यांनी स्वतःची राणीघरं सुरू केली असतील तर मोडा. एकही राहिलं तर ती राणी आधी निघेल आणि तुमची सगळी मेहनत भोसकून टाकेल.

आता तारखा. ग्राफ्टिंग १ फेब्रुवारीला केलं असं धरू :

२ फेब्रुवारी : चौकट हळूच उचलून पाहा. स्वीकारलेल्या कपाच्या काठावर नवं मेण आणि आत पांढरं राजान्न दिसतं. कोरडे कप काढून टाका.
५ किंवा ६ फेब्रुवारी : राणीघरं बंद होतात. बाकीच्या चौकटींवर चोरून बांधलेलं घर आहे का पाहा. राणीघरांची चौकट झटकू नका, आडवी करू नका, तिच्यावरच्या माश्या मऊ पिसाने बाजूला सारा.
१० फेब्रुवारी : छोट्या पेट्या बांधा.
११ फेब्रुवारी : राणीघरं वाटा.
१३ फेब्रुवारी : राण्या बाहेर.

११ तारीख चुकवू नका. घरी लग्न असेल तर ग्राफ्टिंगच पुढे ढकला. अळी थोडी मोठी उचलली गेली असेल, तर राणी एक दिवस आधी म्हणजे बारालाच निघते, आणि निघाल्या निघाल्या बाकीच्या घरांत नांगी घालते. त्रिकोणी तुकड्यांच्या पद्धतीतही चौकट दिल्यापासून दहाव्या दिवशीच घरं कापून वाटा.

टप्पा ५ : मिलनाची छोटी पेटी

प्रत्येक राणीघरामागे एक छोटी पेटी : बाहेर पडायला आलेल्या बंद पिल्लांची एक चौकट, मध-परागाची एक, एक रिकामं बांधलेलं पोळं आणि दोन चौकटींवरच्या जादा माश्या. जुनी राणी चुकून आली नाही ना, हे पाहा. दार एका वेळी दोन-तीन माश्या जातील एवढंच. कमजोर पेटीचं दार मोठं राहिलं की लूट ठरलेली.

पेट्या एका रांगेत, एकाच रंगाच्या, एकाच दिशेला तोंड करून ठेवू नका. राणी परत येताना शेजारच्या पेटीत शिरते आणि तिथे मारली जाते. तोंडं वेगवेगळ्या दिशांना करा, दारावर वेगवेगळे ठिपके द्या, जवळ झुडूप किंवा दगड राहू द्या. वेडा राघू आणि कोतवाल ज्या तारांवर रांगेने बसतात, तिथून लांब जागा निवडा. राणी कामकरी माशीपेक्षा मोठी आणि हळू उडणारी, पक्ष्याला सोपी पडते.

राणीघर दोन चौकटींच्या मध्ये टोक खाली करून अलगद दाबून बसवा. मग पेटीला हात लावू नका. १९ फेब्रुवारीच्या आसपास राणी उन्हाच्या दुपारी उडायला लागते. त्या दिवसांत झाकण उघडलं तर तिला परतीचं दार सापडत नाही, किंवा माश्या घाबरून तिलाच वेढून मारतात. उत्सुकता आवरत नसेल तर बाहेर बसून दार पाहा : पायाला परागाचे गोळे लावून माश्या आत जात असतील तर बहुतेक सगळं ठीक आहे.

सावध : सातेरी पळून जाऊ नये म्हणून दाराला राणी-जाळी (कामकरी माशी जाते, राणी अडते अशी) लावायची सवय अनेकांना आहे. कुमारी राणी असलेल्या पेटीला ती कधीही लावू नका. राणी बाहेर जाऊच शकत नाही आणि आयुष्यभर फक्त नराचीच अंडी घालते.

टप्पा ६ : राणीची परीक्षा, मग बदल

२७ फेब्रुवारीला, त्याआधी नाही, सकाळी उघडा. प्रत्येक घराच्या तळाशी, मधोमध एकेक अंडं : पास. आणखी दहा दिवसांनी बंद पिल्लं पाहा. झाकणं सपाट आणि पोळं सलग असेल तर राणी कामाची. कामकरी घरांतच फुगीर, उंच झाकणं दिसली तर तिचं मिलन झालेलं नाही. एका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, तर राणीच नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. ती छोटी पेटी शेजारच्या मजबूत पेटीत मिसळून टाका, तिला नवी राणी देण्यात वेळ घालवू नका.

पास झालेल्या राणीच्या पाठीवर रंगाचा बारीक ठिपका द्या. जगभर एकच रंगक्रम चालतो : २०२६ला पांढरा, २०२७ला पिवळा, २०२८ला लाल, २०२९ला हिरवा, २०३०ला निळा. पुढच्या जानेवारीत कोण किती म्हातारं ते झाकण काढताच कळतं.

मोठ्या पेटीत बदल करताना जुनी राणी आधी काढा. दुसऱ्या दिवशी नवीला पिंजऱ्यात घालून पिल्लांच्या चौकटींमध्ये अडकवा. पिंजऱ्याचं तोंड पिठीसाखर आणि स्वतःच्या पेटीतला मध मळून केलेल्या घट्ट गोळीने बंद करा. बाजारचा मध नको, त्यातून रोग येतात. माश्या गोळी खाऊन तीन-चार दिवसांत तिला सोडवतात. चौथ्या दिवशी फक्त एवढंच पाहा : पिंजऱ्याला माश्या दाट चिकटून, बोटाने सारल्या तरी हलत नसतील, तर त्या रागात आहेत. आत चोरून बांधलेलं राणीघर शोधा, मोडा आणि राणीला आणखी दोन दिवस कोंडून ठेवा. त्या सहज बाजूला होत असतील तर राणी मोकळी होऊ द्या आणि आठवडाभर पेटी उघडू नका.

मेलिफेरात व्हरोआ कोळीकीड मोजायची वेळही हीच. पिल्लांच्या चौकटीवरच्या साधारण ३०० माश्या, म्हणजे अर्धा कप, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, दोन चमचे पिठीसाखर टाकून हलवा आणि पांढऱ्या ताटात साखर झटका. राणी नाही ना, हे आधी पाहा. दहाच्या आसपास किंवा जास्त तांबडे ठिपके चालताना दिसले तर उपाय आत्ताच करा. फॉर्मिक आम्लाचे उपाय कडक उन्हात माश्या आणि राणी दोन्हींना मारतात, ते आपल्याकडे मार्चनंतर विसरायचे.

टप्पा ७ : पाडव्यानंतर जोडा, तोडू नका

एप्रिलात पेट्या भरलेल्या दिसतात आणि "एकाच्या दोन करू" असं वाटतं. ही सगळ्यात महाग चूक. या दिवसांत विभागलेल्या पेटीला वाढायला फुलोरा मिळत नाही.

उलट करायचं. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्रत्येक पेटी पाहा. पाच-सहा चौकटी माश्यांनी झाकलेल्या नसतील (सातेरीत चार), तर ती एकटी पावसाळा काढणार नाही. दोघींपैकी वाईट राणी काढा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चांगल्या राणीच्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरा, खिळ्याने चार-पाच भोकं पाडा आणि कमजोर पेटीचा कक्ष वर ठेवा. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडून, एकमेकींचा वास घेऊन मिसळतात. पेट्या लांब असतील तर आधी रोज हात-दीड हात सरकवत जवळ आणा. एकदम उचलून पलीकडच्या धुऱ्यावर ठेवली, तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन बसतात.

शेवटचा मध काढताना खालच्या कक्षाला हात लावू नका. मेलिफेराच्या पेटीत मधाच्या किमान चार पूर्ण भरलेल्या चौकटी ठेवा, सातेरीत दोन. "साखर देऊ नंतर" हा हिशेब तोट्याचा आहे : साखर विकत घ्यायची, पाक करायचा, झडीत वावरात जायचं, आणि तरी त्यात पराग नाहीच.

टप्पा ८ : नवतप्याआधी सावली, पाणी, हवा

पिल्लांना ३४-३५ अंश तापमान लागतं. बाहेर ४५ झालं, की माश्या पाणी आणून पोळ्यावर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. सगळी फौज त्यातच गुंतते. तुम्ही सावली आणि पाणी दिलंत की ती मोकळी होते.

चिंच, आंबा किंवा कडुनिंबाखाली जागा असेल तर उत्तम, नाहीतर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा मांडव घाला. पेटीपासून दीड-दोन हात उंच, पश्चिमेला जरा खाली उतरता, कारण दुपारी चारचं ऊन सगळ्यात वाईट. वर टिनपत्रा असेल तर त्यावर तुराट्या हव्याच. दार पूर्वेकडे. आतल्या झाकणाखाली चार कोपऱ्यांत काडीपेटीच्या काड्या ठेवून हवेला फट द्या. अंगावर प्लास्टिक गुंडाळू नका.

पाणी वीस-पंचवीस फुटांवर, सावलीत, उथळ टोपल्यात. आत दगड-खापऱ्या टाका म्हणजे माश्या बुडत नाहीत. हे काम मार्चमध्येच सुरू करा. माशीला एकदा गोठ्यातल्या हौदाची सवय लागली की ती मोडत नाही, आणि शेजाऱ्याशी भांडण लागतं.

मे महिन्यात पेटी उघडायचीच असेल तर सकाळी आठच्या आत. दुपारी मधाने भरलेलं नवं पोळं इतकं मऊ असतं, की चौकट तिरपी करताच तुटून राणीसकट खाली पडतं.

पेटीभोवती दहा फूट जागा झाडून काढा. खरिपाआधी धुरे पेटवायची आपली रीत पेट्यांना जाळते, आजूबाजूच्या कास्तकारांना आधीच सांगून ठेवा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, वर थोडं जळकं ऑइल. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या जंगलकाठी असाल तर पेट्या कुंपणाच्या आत घ्या, अस्वलाला मध फार लांबून कळतो.

टप्पा ९ : काढलेली पोळी

सुपरची रिकामी पोळी घरात गठ्ठ्याने ठेवली की जूनपर्यंत मेणकिडा त्यांची भुकटी करतो. आधी छाटणी करा : उजेडाला धरल्यावर पलीकडचं दिसत नाही इतकी काळी पोळी वितळवा. मेण ६२-६४ अंशांना वितळतं आणि मेच्या उन्हात काळ्या रंगाच्या, वर काच लावलेल्या पेटीत सहज तेवढी उष्णता होते. गॅस जाळायची गरज नाही.

चांगली पोळी सुपरमध्ये भरून एकावर एक रचा, फटी चिकटपट्टीने बंद करा. सगळ्यात वर रिकामा सुपर, त्यात मातीच्या वाटीत गंधक पेटवून ठेवा आणि वर घट्ट झाकण. धूर जड असतो, तो खाली उतरतो, म्हणून वाटी वर. धुराने अंडी मरत नाहीत, त्यामुळे पंधरा दिवसांनी पुन्हा. हे काम अंगणात करा, धूर छातीत घेऊ नका आणि पोळी वापरण्याआधी दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. डांबरगोळ्या मात्र नकोत, त्यांचा अंश मेणात मुरतो आणि पुढच्या मधात उतरतो.

टप्पा १० : मृग ते पोळा

पहिल्या पावसाआधी माश्या न झाकणारी सगळी पोळी पेटीतून काढा. मेणकिड्याविरुद्ध याहून चांगलं औषध नाही. तळपाटावरचा मेणाचा चुरा दर पंधरा दिवसांनी खरवडा, त्यातच त्याची पिल्लं वाढतात. पेटी दाराच्या बाजूला बोटभर खाली झुकवा म्हणजे शिरलेलं पाणी बाहेर येईल. दार अर्धं करा. समोरचं गवत कापत राहा.

साठा किती उरला हे बघायला झाकण काढायची गरज नाही. आठवड्यातून एकदा पेटी मागच्या बाजूने एका हाताने किंचित उचला. मेमध्ये उचलून पाहिली असेल तर फरक हाताला कळतो. हलकी झाली की पाक : दोन किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी उकळून खाली उतरवा, मग साखर विरघळवा. चुलीवर आटवू नका, करपलेली साखर माशीला बाधते. गूळ, काकवी किंवा राब देऊ नका. त्याने माश्यांना हगवण लागते आणि झडीत बाहेर जाता येत नसल्याने त्या पेटीतच घाण करतात.

पाक अंधार पडताना, पेटीच्या आत, सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी, एका वेळी अर्धा लिटर. बाहेर सांडला तर लगेच पाण्याने धुवा. दारावर माश्या एकमेकींना खेचत, झटापट करत असतील आणि फटींवर वास घेत फिरत असतील, तर लूट सुरू झाली आहे : दार एका माशीएवढं करा, ओला बारदाना समोर सोडा, दोन दिवस पाक बंद.

आठ-दहा दिवस सलग झड असेल आणि पराग संपला असेल, तर फुटाण्याचं अगदी बारीक पीठ, पिठीसाखर आणि थोडा मध मळून छोटी चकती चौकटींवर ठेवा. लहानच द्या, उरलेल्या चकतीला बुरशी येते. उघाड मिळाली तर मका, ज्वारी, साग, इतकंच काय गाजरगवतावरूनही पराग येतो.

सोयाबीन-कपाशीच्या फवारण्या याच दिवसांत. शेजाऱ्याला तारीख विचारून ठेवा आणि संध्याकाळी फवारायला सांगा. तो सकाळीच फवारणार असेल, तर आदल्या रात्री दाराला बारीक जाळी लावा, वरून हवा येऊ द्या, पेटीवर ओला बारदाना टाका आणि सावलीत ठेवा. जाळीशिवाय दार गच्च बंद केलेली पेटी दुपारपर्यंत गुदमरून मरते. मग फवाऱ्याची गरजच राहत नाही.

सातेरी याच काळात पेटी सोडते. उपास, मुंगळे, मेणकिडा आणि सारखी उघडझाप ही चार कारणं. दारावर परागाशिवाय माश्यांची अस्वस्थ ये-जा आणि आत अंडी-कोवळ्या अळ्या दिसेनाशा होणं, ही निघायच्या तयारीची खूण. तेव्हाच पाक द्या, दुसऱ्या पेटीतली कोवळ्या पिल्लांची एक चौकट द्या आणि आठवडाभर राणी-जाळी लावा.

पोळ्यानंतर तरोटा फुलतो, मागोमाग बोर. माश्या पुन्हा पराग आणू लागल्या आणि पेटी आपोआप जड होऊ लागली, की पाक थांबवा. जपलेली पोळी एकेक करून पिल्लांच्या शेजारी परत द्या. पाक थांबवून तीन आठवडे झाल्याशिवाय सुपर चढवू नका, आणि खालच्या चौकटींत बंद झालेला साखरेचा साठा कितीही भरघोस दिसला तरी तो मधयंत्रात घालू नका.